हसण्याला मार्क आणि गाण्याला अश्रू

विश्रामबागकर (सांगली) · सोमवार, रात्री ९:४०

मुद्दा थेट मांडतो, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला. विनोदाला मार्क देता येत नाहीत. गाण्याला देता येतात, कारण सूर लागला की नाही ते कानाला कळतं. आपल्या टीव्हीवर नेमकं उलटं होऊन बसलंय. स्किट संपलं की खुर्चीतले परीक्षक त्यावर प्रवचन देणार. आणि गाण्याच्या स्पर्धेत पोराचा निषाद कुठं घसरला यावर चकार शब्द नाही. वडिलांची रिक्षा, आईचं शिलाई मशीन, गावातलं गळकं घर यांचा व्हिडिओ, मागे बासरी, आणि मग सगळ्यांनी मिळून डोळे पुसायचे.

'महाराष्ट्राची हास्यजत्रा' मी सुरुवातीपासून बघतोय, म्हणजे २०१८ ला सोनी मराठी आलं तेव्हापासून. आधी तिथंही जोड्यांची स्पर्धा होती. प्रत्येक स्किटच्या शेवटी काहीतरी करून बाजी मारायची धडपड दिसायची: पडा, ओरडा, अंगावर पाणी ओता. पुढे स्पर्धेची धार बोथट झाली, मंडळी एकमेकांना सरावली आणि कार्यक्रम बसला. आता समीर चौघुले नुसती मान वळवून बघतो आणि समोरच्याला हसू आवरत नाही. नम्रता संभेराव 'लॉली' होऊन आली की पहिलं वाक्य पडायच्या आधीच आमच्या घरात हशा. हे मार्कांच्या भीतीत होत नाही. सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांचं लिखाण आणि बसवणं यांना श्रेय आहेच, पण माणसं निवांत झाली याचंही आहे.

तक्रार एकच. कॅमेरा सारखा प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर यांच्या हसण्यावर जातो. सई आपल्या सांगलीची, म्हणून हात आखडता घेतोय. पण वाक्य पडतं, उत्तर यायच्या आत कॅमेरा खुर्चीवर, आणि परत येतो तोवर उत्तर देऊन झालेलं असतं! कुठं हसायचं ते सांगलीकराला शिकवायला लागतं होय?

आणि स्पर्धांबद्दल. २००८-०९ चं 'लिटिल चॅम्प्स' आठवा. कार्तिकी, आर्या, प्रथमेश, मुग्धा, रोहित. पल्लवी जोशी सूत्रसंचालनाला, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. त्या पोरांची गाणी आजही लोकांना आठवतात. त्यांच्या घरची परिस्थिती कुणाला आठवतेय का? नाही, कारण तेव्हा गाणं मधोमध होतं. गेल्या काही वर्षांतल्या विजेत्यांची गाणी सांगा बरं कुणी.

तुमची मतं येऊ द्यात.

राजपथ (सातारा) · सोमवार, रात्री १०:१५

धागा वाचला. हास्यजत्रेबद्दल सहमत, पण 'चला हवा येऊ द्या'चं नावच नाही? २०१४ ते २०२४, दहा वर्षं चाललेला कार्यक्रम एका ओळीतसुद्धा नाही, हे काय झेपलं नाही साहेब.

हास्यजत्रा सगळ्यांत चांगली वगैरे ठीक. पण आमच्या साताऱ्यात रिक्षावाल्यापासून पेढेवाल्यापर्यंत 'हसताय ना, हसायलाच पाहिजे' तोंडात बसलं ते डॉ. नीलेश साबळेमुळे. भाऊ कदमला काही न बोलता टाळ्या पडायच्या. कुशल बद्रिके आणि भारत गणेशपुरेचा वऱ्हाडी ठसका यांच्यामुळे मुंबई-पुण्याबाहेरची बोली प्राइम टाइमला ऐकायला मिळाली. कार्यक्रमातलं थुकरटवाडी हे गाव पोरांना भूगोलातल्या गावांपेक्षा जास्त पाठ होतं. आणि सागर कारंडेची पोस्टमन काकांची पत्रं! विनोदी कार्यक्रमात शेवटी गंभीर पत्र वाचायचं, ही हिंमत दुसऱ्या कुणी केली नाही.

कार्यक्रम शेवटी शेवटी ढेपाळला हे कबूल. पण कारण वेगळं. तो सिनेमाच्या जाहिरातीचा अड्डा झाला. दर आठवड्याला नवा सिनेमा, त्याचे कलाकार सोफ्यावर, आणि स्किटमध्ये त्यांचीच भलामण. पाहुण्याची खेचायची तर पाहुणा पुढच्या वेळी येणार नाही, मग गुळगुळीत विनोद. दहा वर्षं दर आठवड्याला लिहायचं म्हणजे लेखकाच्या हाडाची काडं होतात, तेही ध्यानात घ्या.

कुपवाडची_सून · सोमवार, रात्री ११:०२

दोघांचंही वाचलं. आमच्याकडे रिमोट सासूबाईंकडे असतो, त्यामुळे मी सगळंच बघते, निवड करायचा प्रश्न येत नाही.

एक गोष्ट दोघांनीही सोडली. हसतोय कशावर? पुरुषाने साडी नेसली की हशा, जाड बाई आली की हशा, सावळी मुलगी सुंदर व्हायला निघाली की हशा. हवा येऊ द्या मध्ये तर साडी हा हुकमी पत्ता होता. मला हास्यजत्रेतली वनिता खरात आवडते, आणि तिला दुसरं काही करायला दिलं तर ती किती भारी काम करते ते दिसतं. तरी वजनावरचा विनोद येतोच. परीक्षक त्यावर सगळ्यात जोरात हसतात. मी हसत नाही असं नाही, पण माझी लेक सहावीत आहे आणि ती शेजारी बसून बघत असते.

हवा येऊ द्या मधली श्रेया बुगडे हे उत्तर आहे बघा. कुणाची नक्कल केली तरी त्या बाईचा अपमान होत नाही. बारकाव्यावर हसू येतं.

कवलापूरचा_पाहुणा · मंगळवार, सकाळी ७:२०

ताई, साडीचा मुद्दा घेतला तर जरा मागं जावं लागेल. आपल्याच जिल्ह्यात नागठाणे आहे, बालगंधर्वांचं मूळ गाव. (साताऱ्याच्या हायवेवरचं नागठाणे वेगळं, राजपथ साहेब लगेच हक्क सांगू नका.) त्या माणसाने नऊवारी नेसली तर बायका त्यांच्यासारखं पातळ नेसायला शिकल्या. म्हणजे साडीत दोष नाही, नेसून काय करता त्यात आहे. तमाशातली मावशीसुद्धा पुरुषच असायचा. पण मावशी गवळणींच्या बाजूने कृष्णाशी भांडायची, तिचा तोरा असायचा. टीव्हीवरचा साडीवाला नुसता पदर सांभाळत धडपडतो.

आता माझा खरा विषय. आमचं गाव कवलापूर, सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. काळू-बाळूंचं गाव. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ, तमाशाचा फड होता त्यांचा. 'जहरी प्याला' वगात दोघं हवालदार व्हायचे. एकाच चेहऱ्याचे दोन हवालदार स्टेजवर, आणि सगळी गंमत या गोंधळावर. माझ्या आज्ज्याने जत्रेत बघितलंय ते. तो सांगायचा, एकजण बोलून आत जायचा आणि दुसरा त्याच पावली बाहेर यायचा, लोकांना वाटायचं तोच परत आला. हशा पडायचा तेव्हा मागच्या रांगेतला माणूस उभा राहायचा, का तर आपल्याला दिसलं नाही म्हणून.

आता सांगा, 'स्किट' म्हणजे दुसरं काय? गण, गवळण, बतावणी, मग वग. सरदार एक विचारणार, सोंगाड्या भलतंच ऐकणार, त्यातून चालू घडामोडींवर टोले. हास्यजत्रेतलं अर्धं काम बतावणीचंच आहे. फरक एवढाच की फडावर मार्क द्यायला कुणी नव्हतं. पब्लिक उठून गेलं की कळायचं. विश्रामबागकर म्हणतात ते म्हणूनच पटलं.

तंबोरा (मिरज) · मंगळवार, दुपारी १:३०

गाण्याबद्दल मी बोलतो, कारण आमच्या घरात चार पिढ्या तेच काम आहे. गात नाही, वाद्यं करतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालं ते पेपरात वाचलं असेलच.

गाण्याच्या कार्यक्रमात सेटवर तंबोरा दिसतो बघा कधी कधी. रागदारीचा खास भाग असला की स्पर्धकाच्या मागे दोन पोरी तंबोरे घेऊन बसवलेल्या असतात. मी आवाज बंद करून त्यांची बोटं बघतो. बोट तारेवरून नुसतं फिरतंय, तार हलत नाही. ऐकू येतो तो पेटीतला इलेक्ट्रॉनिक तंबोरा. आता दिखाऊपणाला माझी हरकत नाही, टीव्हीच आहे. पण त्याच भागात परीक्षक म्हणतो, 'काय साधना आहे!' जवारी, म्हणजे तारेचा झणकार, लावायला एक कारागीर घोडीवर कानस फिरवत आणि सूत सरकवत अर्धा दिवस बसतो, तेव्हा चार तारा एकमेकींत मिसळतात. ते वाद्य शोभेला ठेवून साधनेवर भाषण, हे मला फार होतं.

दुसरं, मार्कांबद्दल. धागाकर्त्याशी इथं माझं जमत नाही. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर १९९७ पासून बाजारात आहे. एडिट होऊन आलेला आवाज ऐकून घरी बसून सूर लागला की नाही ते तुम्ही कसं ठरवणार? ज्याला खरंच ऐकायचंय त्याने मिरजेत दर्ग्याच्या उरुसाला यावं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने तिथं गाणं-बजावणं होतं, समोर बसून ऐका. तिथं कुणी नंबर काढत नाही.

विश्रामबागकर · मंगळवार, रात्री ९:१०

तंबोरा, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्रीचा भाग परत लावला आणि बोटंच बघत बसलो. आता गाणं ऐकू येणार नाही मला, धन्यवाद!

मार्कांबद्दल मात्र मी मागे हटत नाही. घरच्या प्रेक्षकाने मार्क द्यावेत असं मी म्हणतच नाही. मी म्हणतोय सेटवर बसलेल्याने सुराबद्दल बोलावं, त्याला तर कच्चा आवाज ऐकू येतोय. 'अंगावर काटा आला' हे परीक्षण नव्हे. बंदिशीची जागा कुठं चुकली, ताना कशा अस्पष्ट झाल्या, श्वास कुठं घ्यायला हवा होता, हे सांगा की! आमच्या गल्लीतल्या एका मुलीने मागे एका वाहिनीच्या ऑडिशनला गाऊन दाखवलं. नाव घेत नाही. अंतरा पूर्ण व्हायच्या आत थांबवलं आणि विचारलं, घरी कोण कोण असतं, बाबा काय करतात, कधी काही प्रसंग आला होता का घरावर. बाबा बँकेत आहेत म्हटल्यावर समोरच्याचा उत्साहच मावळला म्हणे. पोरगी उत्तम गाते. घरात दुःख कमी पडलं, दुसरं काय.

राजपथ साहेब, हवा येऊ द्या मुद्दाम टाळलं होतं, वाद होईल म्हणून. झालाच. पोस्टमन काकांबद्दल तुमचं म्हणणं मान्य.

घाटमाथा_पुणे · मंगळवार, रात्री १०:४५

मूळचा विट्याचा, सध्या पुण्यात. बिग बॉसचं कुणीच नाव काढेना म्हणून मीच काढतो.

स्पर्धा या शब्दाला सगळ्यात प्रामाणिक तोच कार्यक्रम आहे असं माझं मत. हसू नका. तिथं कला वगैरे काही नाही हे सगळ्यांना माहीत आहे. हॉलंडमध्ये १९९९ ला सुरू झालेला मूळ खेळ, माणसांना कोंडून बघायचा. आपल्याकडे मराठीत २०१८ ला आला, महेश मांजरेकर शनिवार-रविवार कान उपटायला. त्यांची 'शाळा' हाच खरा कार्यक्रम होता. तिसऱ्या पर्वात आमच्या खानापूर तालुक्यातल्या देवीखिंडीचा विशाल निकम जिंकला तेव्हा विट्यात फटाके उडाले, ते मी स्वतः ऐकलेत.

तुम्ही म्हणता गरिबी दाखवून मतं मिळवतात. २०२४ ला सूरज चव्हाण जिंकला तेव्हा पुण्यातल्या आमच्या ऑफिसात हाच सूर होता, की पोराला खेळ कळत नव्हता, सहानुभूतीवर निघाला. मी म्हणतो, मग काय झालं? मत द्यायचा निकष कुणी ठरवून दिलाय का? बारामतीजवळच्या मोढव्यातलं पोर, रील्सवर 'झापुक झुपूक' करणारं, त्याला घरात बरोबरीने बसायला मिळालं आणि लोकांना ते आवडलं. गाण्यात असं झालं तर गाण्यावर अन्याय. इथं कशावर अन्याय झाला?

राजपथ (सातारा) · मंगळवार, रात्री ११:२०

विट्याच्या फटाक्यांचं कौतुक ऐकून घेतलं. आमच्या साताऱ्याची कामगिरीही नोंदवून ठेवा. दुसऱ्या पर्वात अभिजीत बिचुकले, जे पुढे हिंदी बिग बॉसमध्येही जाऊन आले, आणि चौथ्या पर्वात किरण माने, अंतिम फेरीपर्यंत. एकाच गावाने दोन टोकाची माणसं पाठवली. बिचुकल्यांबद्दल सातारकराला बाहेरगावी गेलं की हमखास विचारतात. काय उत्तर द्यायचं ते आमचं अजून ठरलेलं नाही.

बाकी सूरजबद्दल सहमत. पण घाटमाथा, त्या घरातल्या भांडणाचा आवाज ऐकून आमच्या आईचं बीपी वाढतं. प्रामाणिक म्हणा नाहीतर काही म्हणा, जेवताना नको.

कुपवाडची_सून · बुधवार, दुपारी ३:०५

सगळे रिअॅलिटी शो टीव्हीवरच असतात असं समजू नका. 'होम मिनिस्टर' २००४ ला सुरू झालं, आदेश भावोजी घराघरांत फिरले, आणि २०२२ ला बंद झालं. पण त्याची पिल्लं गावोगाव आहेत. नवरात्रात आमच्या इथं 'खेळ पैठणीचा' असतोच, निवडणूक जवळ आली की श्रावणातसुद्धा. स्टेजच्या मागे नेत्याचा चेहरा पैठणीपेक्षा मोठा. माईकवर एक भावोजी, हुबेहूब आदेश बांदेकरांच्या चालीत बोलणारा.

मी गेल्या वर्षी उतरले होते. फुगा फुगवून फोडा, तळहातावर तांब्या तोलत चाला, नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्या. संगीत खुर्चीत बाद झाले. पण खरं सांगते, तिथं जे हसू येतं ते कुठल्याही वाहिनीवर येत नाही. सत्तरीच्या एक आजी उखाणा घ्यायला उठल्या. भावोजींनी विचारलं, आजोबा काय करतात? आजी म्हणाल्या, 'ते गेले, म्हणून तर मी आले.' सगळा मांडव लोळला. हे टीव्हीवर झालं असतं तर लगेच व्हायोलिन लावून आजींना रडवलं असतं. आजी तर तांब्याच्या खेळात दुसऱ्या आल्या आणि मिक्सर घेऊन घरी गेल्या!

कवलापूरचा_पाहुणा · बुधवार, संध्याकाळी ६:३०

आजींना दंडवत. ही बतावणीच झाली, सोंगाड्याला जमली नसती.

यावरून एक आठवलं. सांगलीत १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो तो त्याचाच. त्या नाटकांत सुरुवातीला सूत्रधार मंगलाचरण म्हणायचा आणि मग झाडपाला अंगाला बांधलेला विदूषक नाचत यायचा. आधी देव, लगेच चेष्टा. सूत्रधार त्याला विचारणार तू कोण, तो उलटसुलट उत्तरं देणार. म्हणजे राजदरबारात, संस्थानिकांसमोर, पौराणिक नाटकाच्या तोंडालासुद्धा माकडचेष्टा चालत होत्या. आणि आता विनोदी कार्यक्रमाच्या आधी दोन ओळींची सूचना येते, कुणाच्या भावना दुखवायचा हेतू नाही. जात, पक्ष, देव, नेता, कारखाना, काही म्हणता काही काढायचं नाही. मग उरतं काय? बायको, वजन आणि साडी. ताईंनी वर विचारलं ना कशावर हसतोय, त्याचं कारण मला हे वाटतं. बाकीच्या वाटा बंद झाल्यात.

तंबोरा (मिरज) · बुधवार, रात्री ८:५०

पाहुणे, हे पटलं. तरी एक शंका. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'त तरी कुठं राजकारण होतं? आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या, पाच माणसांचं घर. दिलीप प्रभावळकर डायरी लिहायला बसायचे आणि दिवसभराची क्षुल्लक भानगड सांगायचे. ना बायकोवर विनोद, ना वजनावर. २००१ ते २००४, आठवड्याला एक भाग. आठवड्याला एक, हे महत्त्वाचं. प्रभावळकरांच्याच स्तंभावर बेतलेलं होतं, म्हणजे लिखाण आधीच मुरलेलं. वाटा बंद आहेत हे खरं, पण वेळ देत नाहीत हे जास्त खरं.

विश्रामबागकर · बुधवार, रात्री १०:००

टिपऱ्यांचं नाव निघणार हे ठाऊक होतं, मराठी माणसाचा विनोदावरचा वाद तिथंच जातो. माझाही तो सगळ्यात आवडता. पण तंबोरा, तो कार्यक्रम आज लावला तर आमचा मुलगा दहा मिनिटांत मोबाइल काढतो, करून बघितलंय. त्याला हास्यजत्रेचं तीन मिनिटांचं तुकडं पुरतं, तेही यूट्यूबवर, आणि त्यात परीक्षक कापलेले असतात! म्हणजे माझी तक्रार त्याने आपल्यापुरती सोडवली आहे.

वेळेचा मुद्दा मान्य. पण वेळ मिळाला तरी खुर्च्या नकोतच, एवढं माझं म्हणणं कायम.

घाटमाथा_पुणे · बुधवार, रात्री १०:२५

खुर्च्या काढल्या तर सई सांगलीला परत येईल. चालेल का?

विश्रामबागकर · बुधवार, रात्री १०:२८

पळेल.